ताईचा होकार

३ मार्च, मंगळवार

शाळेचं दुसरं पत्र आलं. पहिल्याला मी उत्तर दिलं नव्हतं. मुख्याध्यापिकाबाई लिहितात – जागा अजून रिकामी आहे, एकतीस तारखेपर्यंत हो की नाही ते कळवा, फोन केलात तरी चालेल, म्हणजे आम्हाला दुसरीकडे विचारता येईल.

ताईला जाऊन आज बेचाळीस दिवस.

ही वही तिचीच. पुढच्या बाजूने गिऱ्हाइकांची मापं आहेत – छाती, कंबर, बाही. मी मागच्या बाजूने सुरू केली आहे. कोरी पानं वाया जाऊ नयेत म्हणून. शिवाय घरात बोलायला कुणी नाही आणि डोक्यात तर सतत चालू असतं. तेव्हा लिहिलेलं बरं.

५ मार्च, गुरुवार

एकदा नीट मांडून ठेवते.

शाळा कर्णबधिर मुलांची. तळ्याकाठी आहे, इथून दोन दिवसांचा प्रवास. सत्ताविसाव्या वर्षी आठ दिवसांच्या प्रशिक्षणाला तिथे गेले होते. चारेक वर्षांच्या एका मुलीला पहिल्यांदा कानाचं यंत्र लावलं होतं. ती नुसती बसून होती. सगळे तिला हाका मारत होते, टाळ्या वाजवत होते, तिला त्यात काही रस नव्हता. मग कुणीतरी हात धुवायला नळ सोडला. ती वळली. नळापाशी गेली. बंद केला. सोडला. परत बंद केला. आणि मग इमारतीतले सगळे नळ सोडत सुटली! सफाईच्या मावशी मागे धावताहेत – अगं बये, टाकी रिकामी होईल! शेवटी मावशीच हसायला लागल्या आणि उरलेला एक नळ त्यांनी स्वतः सोडला.

तेव्हापासून मला तिथे काम करायचं आहे. अठ्ठावीस वर्षं झाली.

तिशीत एकदा बोलावणं आलं. आई अंथरुणावर होती, नाही म्हटलं. तीन वर्षांपूर्वी पुन्हा आलं. तेव्हा ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, नाही म्हटलं. ताई चिडली होती. "गुडघा माझा आहे, माझ्यापाशी राहील. तू जा की!" मी ते टोमण्यात जमा केलं. ताई बोलायचीच तशी.

आता हे तिसरं. आता घरात कुणी नाही.

त्रास वेगळाच आहे. पहिलं पत्र आलं ते ताई गेल्यावर नवव्या दिवशी. वाचून मला आनंद झाला. क्षणभरच, पण आनंदच होता, दुसरं काही नव्हतं. मग स्वतःची शिसारी आली. बहीण जाऊन नऊ दिवस, आणि ही बाई खूश!

ही इच्छा देवाने घातलेली आहे की माझीच हाव आहे? एवढं मला कळायला हवं आहे. एकतीस तारखेच्या आत.

८ मार्च, रविवार

दादा-वहिनी आले होते. दादाला पत्राचं सांगितलं.

"मग घुमे, अडलंय कुठे? देवानंच मोकळं केलं बघ तुला."

दादा वाईट मनाने बोलत नाही. पण मी ते धरून बसले. म्हणजे देवाला मला तळ्याकाठी पाठवायचं होतं, ताई मध्ये येत होती, म्हणून ताईला उचललं? असा देव असेल तर त्याच्या नोकरीत मला जायचं नाही.

हे बोलले नाही अर्थात. चहा केला.

वहिनी ताईचं शिलाई मशीन पुसत होती. म्हणाली, "शेवटची दोन वर्षं किती मऊ झाल्या होत्या गं ताई! आधी नुसती मिरची. मी घरात आले तेव्हा महिनाभर मला घाबरवून सोडलं होतं. आणि आता बघावं तर – ताई, खिडकी लावू? हो गं. ताई, पंखा बंद करू? हो गं. वय झालं की माणूस गोड होतो."

दादा म्हणाला, "तुझं वय कधी होणार?"

वहिनीने हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. सगळे हसलो. मी पण. पंचेचाळीस दिवसांत पहिल्यांदा असेन—नाही, सत्तेचाळीस. मोजायची सवय लागली आहे. सोडली पाहिजे.

९ मार्च, सोमवार

बारा जणांचे कान तपासले. घरी आले. झोपले.

११ मार्च, बुधवार

माझा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर आहे. तीही लिहून ठेवते.

जानेवारीत, ती जायच्या आठ दिवस आधी. ताई खुर्चीत बसली होती, मी मागे उभी राहून तिची वेणी घालत होते. तोंडावर बोलायचा धीर नव्हता म्हणून मागूनच बोलले. "ताई, मला अजून त्या शाळेत जावंसं वाटतं. कायमचं. तू बरी झालीस की जाऊ का?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मी शेवटचा पेड घालून रिबीन बांधली. खांद्यावर हात ठेवला. तेव्हा तिने तो हात थोपटला आणि म्हणाली, "हो गं, हो."

आदल्या संध्याकाळीच मी प्रार्थनेत म्हटलं होतं – ही इच्छा तुझी असेल तर मला ताईच्या तोंडून कळू दे. मी देवाला कधी अट घालत नाही. तो माझा स्वभाव नाही. आयुष्यात एकदाच घातली, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

म्हणून ते देवाचं उत्तर धरलं. आणि धरून चालले तर ठीक असतं. पण मी अशा कामात आहे की लोकांच्या ऐकण्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. स्वतःच्या तर नाहीच.

१२ मार्च, गुरुवार

माझं काम हॉस्पिटलच्या कानाच्या विभागात. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात एक बटन. मी बाहेर, काचेपलीकडे, यंत्राआड, फक्त चेहरा दिसेल अशी. मी यंत्रावरचं माझं बटन दाबून बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्याने बटन दाबायचं, माझ्याकडे दिवा लागतो. मग आवाज आणखी बारीक. असं करत शेवटी एक आलेख निघतो, त्यावरून कुठला कान किती गेला ते डॉक्टरांना कळतं.

यात एक गोष्ट पहिल्या आठवड्यातच शिकवतात. काही लोक आवाज सोडलेला नसतानाही बटन दाबतात. खोटं करत नाहीत. ऐकू यावं असं इतकं वाटत असतं की त्यांना ते येतंच. अशांसाठी मध्येच लांब शांत जागा ठेवायची. काही म्हणजे काही सोडायचं नाही. तरी दिवा लागला तर समजायचं की आवाज आतूनच येतोय.

मीही स्वतःला शांत जागा द्यायची ठरवलं आहे. बारा दिवस. पत्रं कपाटात कुलपात. शाळेचा विचार आला की उठून दुसऱ्या कामाला लागायचं. प्रार्थनेत विषय काढायचा नाही. चोवीस तारखेला बघायचं, काय उरतं ते.

१५ मार्च, रविवार

संध्याकाळी प्रार्थनेला गेले. ताईची जागा कुणी घेत नाही, मध्ये फट राहते. सरका म्हणावं तर तेही बरं दिसत नाही.

प्रार्थना सांगणारे काका पूर्वी पोस्टमास्तर होते. सगळे गेल्यावर त्यांना विचारलं – एखादी इच्छा आपली की देवाची, कसं ओळखायचं? शाळेचं नाव काढलं नाही, म्हणजे नियम मोडला नाही.

काका म्हणाले, "सोपं आहे. जिचा आपल्याला त्रास होतो ती देवाची. जी गोड लागते ती आपली."

म्हटलं, बरं.

या हिशेबाने माझी दाढ देवाची आहे.

१७ मार्च, मंगळवार

पहाटे स्वप्न पडलं. तळं नव्हतं, शाळा नव्हती, फक्त नळ. लांबच लांब भिंत आणि नळ. ताई टेप घेऊन दोन नळांमधलं अंतर मोजत होती आणि मला आकडे लिहून घ्यायला सांगत होती. मी विचारत होते, कशासाठी? ती उत्तर देत नव्हती.

स्वप्नाला कुलपात ठेवता येत नाही. ते धरायचं नाही, असं ठरवलं.

१९ मार्च, गुरुवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

हॉस्पिटलच्या औषधांच्या गाडीचा ड्रायव्हर वर्षातून एकदा कान तपासून घ्यायला येतो. दाखला मिळाल्याशिवाय गाडी हातात देत नाहीत. मोठी मिशी, मोठा आवाज. गेली दोन वर्षं मीच त्याला पास केलं आहे. आज बाहेर त्याचं नाव तीनदा पुकारलं. तो बाकावर शांतपणे मिशीवरून हात फिरवत बसला होता. शेवटी शिपाईमामांनी खांदा हलवला तेव्हा उठला.

आत बसला, आणि एकही चूक नाही. सगळ्यात बारीक आवाजालासुद्धा लगेच दिवा. जो आवाज मला स्वतःला जेमतेम येतो, तो याला येतोय, आणि बाहेर मारलेली हाक येत नाही?

मी आवाज पूर्ण बंद केला. आणि नुसतं माझं बटन दाबल्यासारखं केलं.

दिवा लागला.

पुन्हा केलं. पुन्हा लागला. पाच वेळा केलं.

बाहेर बोलावलं. समोर बसवून मोठ्याने विचारलं, काय चाललंय? त्याने आधी मिशी ओढली, मग कपाळावरचा घाम पुसला.

"बाई, रागावू नका. तुमच्या मागच्या त्या फायलींच्या कपाटाला काच आहे ना, तिच्यात तुमचा उजवा खांदा दिसतो. बटन दाबताना हलतो थोडा."

"किती दिवस?"

"दोन वर्षं. पण मी नाही हो शोधलं! तुमच्याच घरची युक्ती आहे. तुमच्या ताई बाहेर बाकावर भेटल्या होत्या, तपासायला आल्या होत्या. मी म्हटलं, माझी धडगत नाही, नोकरी जाणार. तर म्हणाल्या, अहो, घाबरता काय, तिचा खांदा बघा आणि दाबा. मी तेच करते."

त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. दाखला थांबवला. यंत्र लावलं तर गाडी चालवता येईल, डॉक्टरांनी त्याला तसं सांगितलं. सगळं रीतसर झालं. पुढचे चार जण तपासले. खांदा शालीने झाकून.

२० मार्च, शुक्रवार

ताईची फाइल काढली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांची तपासणी दरवर्षी होते, दर वेळी मीच करायचे. घरच्या माणसाची तपासणी आपण करू नये, असं आमचे जुने डॉक्टर सांगायचे. ताई म्हणायची, मला दुसऱ्या कुणाकडे नाही बसायचं, ते खेकसतात.

तीन वर्षांपूर्वीचा आलेख – उंच पट्टीच्या आवाजांना जरा खाली गेलेला, वयाप्रमाणे. त्यानंतर आमचा विभाग वरच्या मजल्यावर आला आणि ते कपाट आलं. पुढचे दोन्ही आलेख सरळ. पट्टीने ओढल्यासारखे. त्रेसष्टाव्या, चौसष्टाव्या वर्षी असे कान कुणाचे नसतात. मला दिसायला हवं होतं. उलट मी डॉक्टरांना कौतुकाने दाखवलं होतं – आमच्या घराण्याचे कान!

घरीही तेच. ती ओठ वाचत असणार. दाराकडे तोंड करून बसायची. पाठमोरी असताना उत्तर दिलं नाही तर मशीन चालू होतं म्हणायची. एकदा मी विचारलं होतं, तर म्हणाली, "माझ्या कानांना काय धाड भरलीय? तूच तर तपासलेस!"

दुपारी शिपाईमामांना माझ्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, मनाला येईल तेव्हा हे बटन दाबा. मी आत बसले. हेडफोनच्या तारा काढून टाकल्या होत्या. कपाटाच्या काचेत मामांचा खांदा स्पष्ट दिसत होता. हलला की मी दाबलं. दहापैकी दहा!

ताई आतल्या याच खुर्चीत बसायची. बटन हातात घेऊन माझ्याकडे बघून हसायची. मला वाटायचं, हिला तपासणीची गंमत वाटते.

२१ मार्च, शनिवार

वेणी घालताना मी मागे उभी होते.

२३ मार्च, सोमवार

काल काही लिहिलं नाही. वहिनीला फोन करून विचारलं – ताई "हो गं" म्हणायची ती नेमकी कधी? वहिनी म्हणाली, अगं कधीही. एकदा तर मी म्हटलं, ताई, तुमच्या भावाला विकून टाकू का? तरी हो गं!

वहिनी खूप हसली. मग विचारलं, "का गं? काय झालं?"

काही नाही म्हटलं.

२४ मार्च, मंगळवार

शांत जागा संपली. आज बघायचं ठरलं होतं.

इच्छा आहे. होती तेवढीच आहे. वाढली नाही, कमी झाली नाही.

पण यावरून काही ठरत नाही. कानात सतत शिट्टी वाजते म्हणणारे रुग्ण आठवड्याला चार तरी येतात. बाहेर कसलाही आवाज नसतो. तरी वर्षानुवर्षं वाजत राहते. ती शिट्टी कुणी पाठवलेली नसते, कानच बिघडलेला असतो. माझी अठ्ठावीस वर्षांची इच्छा यातली नाही कशावरून?

आणि होकार तर गेलाच. मी देवाला विचारलं, उत्तर ताईकडून घेतलं, आणि ताईपर्यंत प्रश्न पोचलाच नव्हता. कुणी काही सोडलंच नव्हतं, मी दिवा लावून मोकळी.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांना पकडते आहे.

२७ मार्च, शुक्रवार

नाही कळवायचं ठरवलं. एकतीसला फोन करेन. अडखळायला नको म्हणून वाक्य लिहून ठेवलं – "घरगुती अडचणीमुळे मला येणं शक्य होणार नाही."

घरात कुणी नाही. अडचण कसली? तरी तेच ठेवलं. मागच्या दोन्ही वेळेस हेच लिहिलं होतं.

२९ मार्च, रविवार

प्रार्थनेनंतर काका स्वतःच थांबले. चपला शोधत असल्यासारखं करत होते, चपला पायातच होत्या.

"त्या दिवशी तू विचारलंस ना, त्याचं उत्तर मी पाठ केलेलं दिलं. सगळ्यांना तेच देतो."

मी चपला घालता घालता थांबले.

"मला बँडमध्ये जायचं होतं. कर्णा वाजवायचा. बरा वाजवायचो मी! घरात सांगितलं, देवाची इच्छा नाही. म्हणून सोडलं. चाळीस वर्षं पत्रांवर शिक्के मारले. परवा तू गेल्यावर लक्षात आलं, इच्छा वडिलांची होती. देवाला कुणी विचारलंच नव्हतं."

विचारलं, आता वाजवता का?

"दात कुठे आहेत?" म्हणाले आणि तोंड उघडून दाखवलं.

घरी येताना हसू आलं, पण मन बदललं नाही. काकांना निदान माहीत तरी आहे की कुणी नाही म्हटलं होतं. मला कुणी हो म्हटलं का, तेच माहीत नाही.

३० मार्च, सोमवार

उद्या.

३१ मार्च, मंगळवार

सकाळी ड्रायव्हर यंत्र बसवून घ्यायला आला. कानात घातलं तसा दचकला. "बाई, तुमचा पंखा एवढा ओरडतो?"

निघताना त्याला विचारलं – ताईने माझ्यापासून का लपवलं, काही बोलली होती का?

"बोलल्या की. म्हणाल्या, हिला कळलं तर ही जन्मभर माझ्या कानापाशी बसून राहील, गुडघ्यापायी एकदा राहिलीच आहे. तिला कुठल्याशा तळ्यावरच्या शाळेत जायचंय. मी विचारलं, बाई म्हणाल्या का तसं? तर म्हणाल्या, ती घुमी कसली बोलते! तोंडावर लिहिलंय तिच्या, वाचायला कान कशाला लागतात?"

दुपारी शाळेला फोन केला. लिहून ठेवलेलं वाक्य पर्समध्येच राहिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं, तुमची काही अट?

एकच सांगितली. तपासणीच्या खोलीत काचेचं कपाट नको.